मर्ज दाबायच्या आधी

हे इंदूर, आणि हा आरआरकॅटचा, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा कॅम्पस. इथे इंडस-2 नावाचा सिंक्रोट्रॉन आहे, त्यात 2.5 गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन रिंगमधे फिरत असतात आणि वळताना एक्स-रे सोडतात, ते बीमलाइनवर, म्हणजे प्रयोगाच्या जागांवर येतात. त्यातल्या बीएल-09 या बीमलाइनवर एक्झाफ्स करायला, म्हणजे एक्स-रे किती शोषले जातात त्यावरून अणूंची मांडणी शोधायला, पुण्या-मुंबईची पोरं सॅम्पल घेऊन येतात, दिवसरात्र जागतात आणि पेन ड्राइव्हमधे ढीगभर फाइली घेऊन घरी जातात. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. लोकांना मशीन दिसतं, त्या फाइलींचं पुढे काय होतं ते कोणी दाखवतच नाही, म्हणून हा व्हिडिओ.

समजा सॅम्पलमधे लोखंड आहे. एक्स-रेची एनर्जी हळूहळू वाढवत न्यायची, 7112 ईव्हीच्या (इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) आसपास लोखंड अचानक जास्त एक्स-रे शोषायला लागतं, ती एज. तिच्यापुढे ज्या बारीक लाटा दिसतात त्यात शेजारचे अणू किती लांब आहेत, किती आहेत ही माहिती असते. पण जसजसं पुढे जावं तसतशा या लाटा मंदावतात आणि नॉइजमधे बुडतात, म्हणून तोच स्कॅन परत परत घ्यायचा आणि सरासरी काढायची. चार स्कॅन घेतले की नॉइज निम्मा, पण पाव करायचा तर सोळा घ्यावे लागतात, म्हणजे वेळ चौपट आणि बीमटाइम, म्हणजे मशीनवरचा वेळ, तर मोजून मिळालेला.

आता स्क्रीनवर बघा, हे अथीना, या फाइली हाताळायचं सॉफ्टवेअर. ब्रूस रॅव्हेल यांनी लिहिलेलं, आत गणितं करायला मॅथ्यू न्यूव्हिल यांचं इफेफिट, 2005 मधे दोघांचा पेपर आला आणि तेव्हापासून जगभरच्या बीमलाइनवर हेच चालतं, आता न्यूव्हिल यांचं पायथनमधलं लार्चसुद्धा आहे. फ्री आहे दोन्ही, हे महत्त्वाचं. चारही फाइली आणल्या, टिक केल्या, सरासरी काढायचं मर्ज दाबलं, दोन सेकंदात एक गुळगुळीत रेघ. इतकं सोपं आहे म्हणूनच घोळ होतो.

कारण मोनोक्रोमेटर, म्हणजे एक्स-रेमधून हवी ती एनर्जी निवडणारा भाग, जरासा सरकतो. रात्रीच्या स्कॅनची एज आणि सकाळच्या स्कॅनची एज अर्ध्या ईव्हीने इकडेतिकडे असेल तर सरासरीत एज पसरट होते, आणि तुम्ही ज्या दोन-तीन ईव्हीच्या सरकण्यावरून लोखंड फेरस की फेरिक, म्हणजे अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेत की तीन, ठरवणार आहात तिथेच गडबड. म्हणून सॅम्पलच्या मागे शुद्ध लोखंडाची फॉइल लावलेली असते, प्रत्येक स्कॅनबरोबर तिचाही स्कॅन होतो, आधी फॉइल जुळवायच्या मग सॅम्पल आपोआप जुळतात. ग्लिच, म्हणजे मधेच आलेला खोटा टोकदार झटका, असेल तर तोही आधीच काढायचा, मर्ज केल्याने तो जात नाही, फक्त चार भागात पातळ होतो आणि मग ओळखू येत नाही.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, स्कॅन एकावर एक टाकून क्रमाने बघा. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असं एज एकाच दिशेने सरकत असेल, आणि फॉइल मात्र जागेवर असेल, तर तो नॉइज नाही, तुमचं सॅम्पल बीममधे बदलतंय. तांब्याच्या सॅम्पलमधे हे होतं, कॉपर टू चं बघता बघता कॉपर वन होतं. अशा स्कॅनची सरासरी म्हणजे पहिल्या दिवशीचं ताजं दूध आणि चौथ्या दिवशीचं नासलेलं एकत्र करून चव घेण्यासारखं, ती चव कुठल्याच दुधाची नसते. तिथे पहिला स्कॅन ठेवा आणि सॅम्पलवरची जागा बदलून नवे घ्या. अथीना मर्जबरोबर स्टँडर्ड डेव्हिएशनही, म्हणजे स्कॅन एकमेकांपासून किती वेगळे आहेत तेही, काढून देतं, ते प्लॉट करा, एजवर उंचवटा दिसला तर अलाइनमेंट नाहीतर सॅम्पल, दोघांपैकी एक बोंबललंय.

मग फिट, म्हणजे मॉडेलमधले आकडे बदलत ते मोजलेल्या लाटांशी जुळवणं. तांब्याच्या फॉइलचं सोपं उदाहरण, पहिल्या शेलमधे, म्हणजे सगळ्यात जवळच्या थरात, 12 शेजारी, अंतर साधारण 2.55 अँगस्ट्रॉम. के (एजच्या किती पुढे आहोत त्याचं माप) 3 ते 11 आणि आर (अंतराचं माप) 1 ते 3 घेतलं तर हातात साधारण 10 स्वतंत्र पॉइंट येतात, फाइलमधे ओळी शेकडो असल्या तरी. आणि त्यावर 12 व्हेरिएबल, म्हणजे पॉइंटपेक्षा जास्त, लावून आर-फॅक्टर (फिट किती जुळला त्याचा आकडा) किती छान आला म्हणून खूश होणारे भेटतात!

एक्सपोर्ट करताना तर अजून मजा. सीएसव्हीमधे अंतर येतं 2.5478312, दशांश चिन्हापुढे सात आकडे, बाजूच्या कॉलममधे एरर 0.006, आणि थिसिसच्या टेबलमधे पहिला कॉलम तसाच चिकटवतात, दुसरा गायब. 2.548, एरर 0.006, बास. त्यासोबत रेंज, के-वेट (पुढच्या मंद लाटांना किती वजन दिलं ते), आणि कोणते व्हेरिएबल एकमेकांशी बांधलेले आहेत तेही हवं, ई-नॉट (एजची धरलेली एनर्जी) आणि अंतर हातात हात घालून चालतात, एक ढकललं की दुसरं सरकतं. हे सगळं फिटच्या लॉग फाइलमधे असतं, म्हणून सीएसव्हीबरोबर लॉग आणि प्रोजेक्ट फाइल तिन्ही एकाच फोल्डरमधे ठेवा. आणि सुटे स्कॅन उडवू नका, मर्ज केलेल्या रेघेतून ते परत वेगळे काढता येत नाहीत.