आधी जोड, मग तोड: पूर्ण आकाराच्या कीबोर्डाचा नंबर पॅड काढताना

नमस्कार. लातूर असो वा छत्रपती संभाजीनगर, अभ्यासिकेतील किंवा भाड्याच्या खोलीतील विद्यार्थ्याचे टेबल पाहिले की जागेची अडचण लगेच लक्षात येते. पुस्तके, वह्या, मॉनिटर आणि त्यापुढे आडवा पसरलेला पूर्ण आकाराचा कीबोर्ड एवढे मांडून झाल्यावर माऊससाठी टेबलाची जेमतेम कड उरते. आज आपण या कीबोर्डाच्या उजव्या टोकाचा नंबर पॅड कायमचा काढून टाकणे शक्य आहे का, आणि शक्य असल्यास उरलेला कीबोर्ड निकामी न होऊ देता ते कसे करावे, हे पाहणार आहोत.

(दृश्य: टेबलावर कीबोर्ड, शेजारी मोजपट्टी.)

कीबोर्डावरील दोन शेजारच्या कळांच्या मध्यबिंदूंमध्ये 19.05 मिलिमीटर, म्हणजे बरोबर पाऊण इंच अंतर असते. नंबर पॅडचे चार स्तंभ आणि त्याच्या डावीकडची मोकळी फट मिळून सुमारे 81 मिलिमीटर होतात. 104 कळांमधून या भागातल्या 17 कळा वजा केल्या की 87 कळा उरतात आणि माऊस शरीराच्या आठ सेंटिमीटर जवळ येतो. तासन्‌तास काम करणाऱ्याचा उजवा हात बाहेरच्या बाजूला ताणलेला राहतो, आणि तो ताण कमी करणे हे माझ्या मते जागा वाचवण्याइतकेच महत्त्वाचे कारण आहे.

हा भाग कीबोर्डाला का जडला, हेही थोडक्यात सांगतो. 1981 साली आलेल्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डाला 83 कळा होत्या आणि त्यात बाणांच्या कळा वेगळ्या नव्हत्या. अंकांच्या कळाच न्यूम लॉक बंद केल्यावर बाणांचे काम करत. पुढे 1980 च्या दशकाच्या मध्यास आयबीएमच्याच 101 कळांच्या कीबोर्डावर बाण वेगळे झाले, तरी अंकांचा पट्टा जुन्या दुहेरी खुणांसह तसाच राहिला. अंक तर वरच्या ओळीतही आहेतच.

तरीही प्रत्येकाने तो कापावा, असे मी म्हणणार नाही. मोंढ्यातल्या आडत दुकानात सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्या दिवसभर टॅलीमध्ये भरणाऱ्या मुनिमाचा उजवा हात याच भागावर चालतो, त्याच्याकडून तो काढून घेणे म्हणजे त्याचा वेग काढून घेणे होय. तसेच युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्ट वापरणाऱ्या डीटीपी केंद्रांत काही जोडाक्षरे अल्ट कळ दाबून नंबर पॅडवर चार अंक टाइप करून आणावी लागतात, आणि वरच्या ओळीतील अंक त्यासाठी चालत नाहीत. इनस्क्रिप्टने मराठी लिहिणाऱ्याला मात्र काहीच अडचण येत नाही, कारण स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, अशी ती सारी मांडणी मधल्या भागातच आहे. रुपयाचे चिन्हदेखील विंडोजच्या भारतीय इंग्रजी मांडणीत उजवी अल्ट आणि वरच्या ओळीतील 4 यांनीच उमटते.

आता कीबोर्ड संगणकापासून काढा आणि उघडा. काही स्क्रू तळाच्या स्टिकरखाली किंवा रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण अडत असेल तर जोर लावण्याआधी ते शोधा. आत हिरवी किंवा तपकिरी सर्किटची पाटी दिसली आणि प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असला, तर तो मेकॅनिकल कीबोर्ड. प्लॅस्टिकचे पारदर्शक पत्रे आणि रबराच्या टोप्या दिसल्या, तर तो मेम्ब्रेन. दोन्हींची पद्धत वेगळी आहे, परंतु पहिला प्रश्न एकच आहे: दाबलेली कळ ओळखणारी कंट्रोलर चिप कुठे बसवली आहे? ती नंबर पॅडच्या मागे किंवा त्याच्यावरच्या दिव्यांजवळ असेल आणि कीबोर्ड मेकॅनिकल असेल, तर माझा स्पष्ट सल्ला आहे की तो कीबोर्ड पुन्हा बंद करून ठेवा आणि या कामासाठी दुसरा शोधा. प्रत्येक वाहिनी, म्हणजे पाटीवरची तांब्याची बारीक पट्टी, नव्याने ओढण्याचे कष्ट त्या बदल्यात मिळणाऱ्या जागेपेक्षा फार जास्त आहेत.

(दृश्य: पाटीची मागची बाजू, जवळून.)

चिप डावीकडे किंवा मधोमध आहे, असे समजून पुढे जाऊ. 104 कळांसाठी 104 तारा नसतात. कळा आडव्या ओळी आणि उभे स्तंभ यांच्या जाळ्यात गुंफलेल्या असतात. अनेक कीबोर्डांत 8 ओळी आणि 16 ते 18 स्तंभ असतात. चिप सेकंदाला शेकडो वेळा एकेक वाहिनी तपासते आणि कोणती ओळ कोणत्या स्तंभाला टेकली, यावरून दाबलेली कळ ओळखते. विद्युत जाळ्यातील ही ओळ आणि डोळ्यांना दिसणारी कळांची ओळ यांचा मेळ असेलच असे नाही. तांब्याची एखादी वाहिनी मधल्या भागातून निघून नंबर पॅडमध्ये जाते, तिथल्या दोन कळांना स्पर्श करते आणि परत येऊन बाणांच्या कळांना मिळते. जायकवाडीच्या कालव्यावरची चारी मध्येच फोडली तर शेपटाकडचे शिवार कोरडे राहते, तसेच इथेही होते: करवत चालली नंबर पॅडवर, आणि बंद पडली डिलीटची कळ किंवा एखादे अक्षर. म्हणून कापणे हा या कामाचा लहानसा भाग आहे. वाहिन्या ओळखणे हेच खरे काम आहे.

त्यासाठी पेज अप, पेज डाऊन आणि उजवा बाण यांच्या उजवीकडे, स्विचच्या जोडांपासून सुरक्षित अंतर ठेवून, पाटीच्या दोन्ही बाजूंना मार्करने एक उभी रेषा आखा. रेषा ओलांडणारी प्रत्येक वाहिनी ओळखून तिला क्रमांक द्या आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवा. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून, म्हणजे जोड असल्यास बीप वाजेल असा ठेवून, या वाहिन्या एकमेकींशी तपासा. रेषा ओलांडणाऱ्या ज्या दोन वाहिन्यांमध्ये बीप वाजते, त्या नंबर पॅडमध्ये जाऊन परत येणाऱ्या एकाच वाटेच्या दोन बाजू असू शकतात. त्यांना रेषेच्या डावीकडे बारीक तारेने जोडा. ती जोड अनावश्यक ठरली तरी बिघडत नाही, कारण दोन्ही टोके मुळातच एक आहेत. जिला दुसरी जोडीदार सापडत नाही, ती वाहिनी नंबर पॅडमध्येच संपते आणि निर्धास्तपणे कापता येते.

तारेसाठी पंख्याच्या वाइंडिंगला वापरतात तितकी बारीक, इनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार उत्तम. आपल्याकडे मोटारपंपांमुळे वाइंडिंगची दुकाने तालुक्याच्या गावीही आहेत, तिथे तिचे तुकडे सहज मिळतात. टोकाचा लेप ब्लेडने खरवडून त्यावर आधी सोल्डर चढवा, तांब्याच्या वाहिनीवरचा हिरवा लेपही तेवढ्यापुरता खरवडा आणि मग दोन्ही टेकवा. सोल्डरिंगची इस्त्री फार वेळ टेकवून ठेवली तर तांब्याची पट्टी पाटीपासून सुटते.

माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची गोष्ट ही आहे की सर्व जोडतारा पाटी अखंड असतानाच लावाव्यात. त्या लावल्यावर कीबोर्ड जोडून सर्व 104 कळा पूर्वीसारख्या चालतात, याची खात्री करा; विंडोजमधील ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडला की दाबलेली कळ त्यावर उजळते. त्यानंतर कीबोर्ड पुन्हा सोडवून, रेषेवर ब्लेडने फक्त तांबे छेदा आणि उरलेल्या 87 कळा परत तपासा. एखादी कळ चालली नाही, तर पाटी अजून हातात अखंड आहे आणि सुटलेली जोड शोधणे सोपे आहे. करवत यानंतरच हाती घ्यावी.

हॅक्सॉचे पाते इंचाला 32 दात असलेले घ्या, म्हणजे कड फाटत नाही. हिरव्या पाटीत काचेचे तंतू असतात आणि त्यांची धूळ फुप्फुसांना घातक आहे. मास्क लावा, काप ओला ठेवा आणि धूळ फुंकर मारून उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपा. उन्हाळ्यात पंख्याखाली बसून हे काम करू नये, एवढे आवर्जून सांगतो. कड पॉलिश पेपरने घासून झाल्यावर उघड्या तांब्यावर नेलपॉलिशचा हात द्या, नाहीतर स्विच धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या प्लेटला टेकून दोन वाहिन्या एक होतील. प्लेट असल्यास तीही कापावी लागते, आणि पाटीला जोडलेली असताना ती कापणे जिकिरीचे असते. स्विच काढण्याची तयारी नसेल, तर स्विच थेट पाटीवर बसवलेला, प्लेट नसलेला कीबोर्ड निवडणे बरे.

(दृश्य: मेम्ब्रेनचे तीन पत्रे उलगडून.)

मेम्ब्रेन कीबोर्डात तीन पत्रे असतात: वरच्या व खालच्या पत्र्यावर छापील वाहिन्या, आणि मधला पत्रा त्यांना वेगळे ठेवणारा, कळांच्या जागी भोके असलेला. या छापील शाईवर सोल्डर बसत नाही, त्यामुळे जोडतारांचा मार्ग बंद आहे. येथे पत्रे न कापता नंबर पॅडचा भाग खाली दुमडणे हा चांगला उपाय ठरतो. घडी कडक घातली तर शाई तडकते, म्हणून पेन्सिलीएवढी गोलाई ठेवून वळवा. दुमडलेल्या भागावर दाब आला तर वरचा आणि खालचा पत्रा टेकून अंक आपोआप उमटू लागतात. ते टाळण्यासाठी त्या भागात दोन पत्र्यांच्या मध्ये पातळ प्लॅस्टिकचा कोरा तुकडा सरकवा. अशा कीबोर्डात कंट्रोलरची छोटी पाटी वेगळी असते आणि ती पत्र्याच्या टोकावर दाबून बसवलेली असते, त्यामुळे ती दुमडलेल्या भागासोबत आत घेता येते का, हे मोजून पाहावे.

बाहेरच्या पेटीसाठी उजवी भिंत टाकून देऊ नका. मधला 81 मिलिमीटरचा भाग कापून काढा आणि तीच भिंत डावीकडे आणून जोडा, म्हणजे मूळ गोलाई आणि कड कायम राहते. पेटी एबीएस प्लॅस्टिकची असेल तर कापून निघालेल्या तुकड्यांचा चुरा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा तिला एकजीव जोडतो, शिवाय रंगही तोच राहतो. अ‍ॅसिटोन झटकन पेट घेते, त्यामुळे सोल्डरिंगची इस्त्री आणि ही बाटली एकाच टेबलावर नसावी. आतून एम-सीलचा आधार दिला की सांधा दाबाला टिकतो.

शेवटची तपासणी करताना बिघाड कसा दिसतो, याकडे लक्ष द्या. एकच कळ बंद असेल तर तिचा स्विच किंवा सोल्डर पाहा. एकमेकींपासून दूर असलेल्या चार-पाच कळा एकाच वेळी बंद असतील तर कुठली तरी परतीची वाहिनी जोडायची राहिली आहे. आधी काढलेल्या छायाचित्रात त्या कळा शोधल्या की तिचा क्रमांक सापडतो. एक कळ दाबल्यावर दोन अक्षरे उमटत असतील तर कापलेल्या कडेवर तांब्याची दोन टोके टेकली आहेत, तिथे पुन्हा पॉलिश पेपर फिरवून नेलपॉलिशचा दुसरा हात द्यावा.