आठ जानेवारी

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं]
काराकास, व्हेनेझुएला, ८ जानेवारी १९८१. लष्करी उठावानंतर लेखिका इसाबेल आयेंदे यांचा मायदेश, चिली, सुटलेला. तिकडे आजोबा अंथरुणाला खिळल्याचं कळतं आणि आयेंदे त्यांना पत्र लिहायला बसतात. पत्र लांबत गेलं, त्याची कादंबरी झाली, जगभर गाजली. तेव्हापासून नवं पुस्तक सुरू करायचं ते ८ जानेवारीलाच.

[दृश्य: पिवळे कागद, चालणारा पेन]
डिसेंबर १९९१. माद्रिदमध्ये त्यांची लेक पाउला पोर्फिरिया या दुर्मिळ विकारानं आजारी पडली, कोमात गेली. आई रुग्णालयात बसून लिहीत राहिली. लेक शुद्धीवर आली की वाचेल म्हणून घराण्याची सगळी हकिकत. ६ डिसेंबर १९९२ रोजी पाउला कॅलिफोर्नियात, आईच्या घरी वारली. महिन्याभरात ८ जानेवारी आली. आयेंदे टेबलाशी बसल्या. 'पाउला' हे पुस्तक १९९४ मध्ये निघालं.

इथवरची गोष्ट सगळेच सांगतात. पेच पुढेच होता. तारीख दर वर्षी यायची, कादंबरी काही यायची नाही.

[दृश्य: स्वयंपाकघर, मसाले, उकळतं दूध]
मग त्यांनी कादंबरीची वाट बघणंच सोडलं. आयेंदे मूळच्या पत्रकार. विषय आणि माहिती काढायला वेळ मिळाला, की लिहिता येतं, हा जुना भरवसा. म्हणून स्वतःच स्वतःला काम नेमून दिलं. विषयही शोकापासून होईल तितका लांबचा: खाणं आणि शृंगार. तांदळाच्या खिरीनं भरलेल्या तलावात आपण सूर मारतोय, असं स्वप्नही त्यांना पडलं होतं! मग जुन्या समजुती धुंडाळणं, किस्से जमवणं, आई पांचिताकडून पाककृती घेणं. यात काही सुचावं लागत नाही. वाचायचं, टिपायचं, चाखायचं, उतरवायचं. १९९७ मध्ये 'आफ्रोदिता' आलं. कुणी त्याला पाककृतींचं पुस्तक म्हणून बाजूला सारेल, खुशाल सारो. कादंबरीकाराचा अडलेला हात चालता झाला तो याच पुस्तकात, आणि तोही प्रतिभेपेक्षा कामाच्या सवयीनं.

[दृश्य: समुद्र, शिडाची जहाजं]
दरम्यान 'पाउला'च्या उत्पन्नातून १९९६ मध्ये स्त्रिया आणि मुलींसाठी संस्था उभी राहिली. १९९९ मध्ये कादंबरीही आली: १८४९ च्या सोनं शोधायला जाणाऱ्यांच्या लाटेत, प्रियकराच्या मागे चिलीतल्या वाल्पाराइसोहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या एलिझाची. त्यानंतरची पुस्तकं मोजायला हा व्हिडिओ पुरायचा नाही.