वरची मर्यादा

(दृश्य : रामकुंड, पहाट, २०१५ चा सिंहस्थ)

ही पहाट २०१५ ची. घाटावरची गर्दी, तपोवनातलं साधुग्राम, त्र्यंबकची वाट. हे सगळं चित्रण आज गंगापूर रोडवरच्या एका स्टुडिओत, मांडीएवढ्या उंचीच्या पेटीत आहे. २०२७ ची भर अजून पडायची आहे.

(दृश्य : अंधाऱ्या खोलीत लुकलुकणारे हिरवे दिवे)

आठ हार्ड डिस्क. मांडणी रेड-झेड-दोन, म्हणजे कोणत्याही दोन डिस्क एकदम गेल्या तरी डेटा शाबूत. फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था, झेडएफएस. ती डेटाच्या प्रत्येक तुकड्याचा, म्हणजे ब्लॉकचा, चेकसम (त्यावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवते, त्यामुळे गुपचूप खराब झालेली फाइल वाचतानाच पकडली जाते. मूळ सन मायक्रोसिस्टिम्सची, २००५ मध्ये खुली झालेली, आता ओपनझेडएफएस या नावाने चालते.

तिची गोम एकच. ती लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत नाही. तिचा परवाना सीडीडीएल, कर्नलचा जीपीएल, आणि दोघांचं जुळत नाही. एक्सटी-फोर, एक्सएफएस या फाइलसिस्टम घरातली माणसं. वाड्यातली भिंत हलवायची झाली, तर हलवणाराच त्यांची खाट सरकवून देतो. झेडएफएस बाहेरची. कर्नलच्या आतले इंटरफेस (जोडणीच्या जागा) कायम राहतील असं वचन कुणीच दिलेलं नाही. भिंत हलली की आपली खाट तिने स्वतः सरकवायची, आणि त्याला वेळ लागतो.

(दृश्य : पडद्यावर वेगाने सरकणारा लॉग, शेवटी लाल ओळ)

ही ती ओळ. लिनक्सचं वितरण डेबियन १२. सोबत आलेला कर्नल ६.१ आणि झेडएफएस २.१.११. नव्या मदरबोर्डावरचं नेटवर्क कार्ड ६.१ ला ओळखू येईना, म्हणून बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेजेस देणारं भांडार) फक्त कर्नल ६.१२ घेतला गेला. झेडएफएस जुनीच राहिली. झेडएफएसचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा भाग, प्रत्येक कर्नलसाठी बांधायचं काम डीकेएमएस या साधनाचं. त्याने बांधायला घेतलं आणि कॉन्फिगर पायरीवरच थांबलं : अपेक्षित इंटरफेस सापडला नाही, तुमचा कर्नल बहुधा जास्त नवा आहे. मशीन सुरू झालं, पूल (आठही डिस्कची मिळून एक साठवण) दिसेना. डिस्क ठणठणीत होत्या. एडिटिंग दीड दिवस थांबलं.

(दृश्य : मेटा फाइल उघडते, कर्सर एका ओळीवर)

उत्तर आधीपासून या फाइलीत होतं. झेडएफएसच्या सोर्समध्ये मेटा नावाची छोटी फाइल असते, त्यात दोन ओळी : लिनक्स-मिनिमम आणि लिनक्स-मॅक्सिमम. २.१.११ ची वरची मर्यादा ६.२. इथे कर्नल ६.१२. दहा पायऱ्यांचं अंतर, आणि बघायला लागतं अर्धं मिनिट.

मग कोणती आवृत्ती घ्यायची? २.२.६ जाते ६.१० पर्यंत. ६.१२ ला धरते २.२.७, आणि २.३.० सुद्धा. कर्नल ६.१२ आला नोव्हेंबर २०२४ मध्ये, २.२.७ त्याच्या मागोमाग डिसेंबरात. आमचं मत पडलं २.२.७ कडे, कारण शेवटी शून्य असलेली आवृत्ती साठवणीच्या मशीनवर पहिल्या दिवशी चढवू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये २.२.० आली, नव्या ब्लॉक क्लोनिंगसह (कॉपी करताना डेटा पुन्हा न लिहिता आधीचाच वापरणं). महिन्याभरात डेटा बिघडल्याच्या तक्रारी. २.२.१ ने क्लोनिंग बंद ठेवलं. पुढे कळलं की खरा दोष जुनाच होता, क्लोनिंगमुळे तो ठळक दिसू लागला इतकंच. तो २.२.२ आणि २.१.१४ मध्ये मिटला.

कर्नलही एलटीएसच (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारा) घ्यावा : जसे ६.१, ६.६, ६.१२. ज्याने हौसेने ६.१३ बसवला, त्याला २.२.७ पुरली नाही, पुन्हा वाट बघणं आलं. (डेस्कटॉपवर नव्या कर्नलचं कौतुक जरूर करा.)

(दृश्य : कीबोर्डवरचे हात, टर्मिनल)

कर्नल बदलताना क्रम असा. आधी युनेम ही आज्ञा, म्हणजे चालू कर्नल कळतो. मग झेडएफएस व्हर्जन. ती दोन ओळी देते, एक साधनांची, एक मॉड्यूलची. दोन्ही सारख्या हव्यात. नव्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या त्याच्या फाइली) त्याच आकड्याचे हवेत. ते नसले तर डीकेएमएस एक सूचना छापून पुढे निघून जातो, आणि अपडेटच्या शेकडो ओळींत ती कुणी वाचत नाही. सर्वाधिक घोटाळे इथेच होतात. मग डीकेएमएस स्टेटस. नव्या कर्नलच्या नावापुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसेपर्यंत रीस्टार्टला हात लावायचा नाही. नुसतं ‘बिल्ट’ पुरत नाही. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड रोखणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवरच्या सहीची किल्ली नोंदवावी लागते, नाहीतर बांधलेलं मॉड्यूलही कर्नल दारातूनच परत पाठवतो.

(दृश्य : मशीन सुरू होतानाचा ग्रबचा मेनू, दोन कर्नल)

जुना कर्नल मेनूत राहू द्यायचा, आणि कर्नलचं पॅकेज होल्डवर, म्हणजे ते आपोआप बदलणार नाही.

झेडपूल स्टेटस सुचवत राहील की पूल अपग्रेड करा. काही आठवडे ऐकायचं नाही. नवी फीचर्स एकदा चालू होऊन वापरात आली की मागे येता येत नाही. जुनं मॉड्यूल मग तो पूल फार तर फक्त वाचायला उघडतं, तेही प्रत्येक वेळी नाही.

(दृश्य : पूल आयात होतो, दिवे एकामागून एक लुकलुकू लागतात)

२.२.७ चढलं. कर्नल ६.१२. पूल आयात, लगेच स्क्रब. प्रत्येक ब्लॉक वाचून चेकसमशी ताडला जातो आहे.

(दृश्य : स्क्रबची शेवटची ओळ. नंतर पुन्हा रामकुंड)

दुरुस्त शून्य, चुका शून्य.