उन्हाच्या माथी मारलेलं दुखणं

अध्यक्षबाई, अंगणवाडीच्या ताई, आणि दुपारचं काम बुडवून इथं येऊन बसलेल्या माझ्या बहिणींनो,

आज 9 तारीख. 2016 सालापासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणी सकाळी तिथं जाऊनच इकडं आल्यात. आमच्या गल्लीतल्या आशा सेविका, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्यांनी मला सांगितलं की तुझं बाळंतपण बायांना सांग. मी डॉक्टर नाही, घरी शिवणकाम करते. पण गरोदरपणात रक्तदाब चढतो, ज्याला डॉक्टर प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात, त्या आजारातून मी गेले आहे. नंतर डॉक्टरांना विचारून विचारून तो समजून घेतला आहे. तेवढं सांगते.

माझी मुलगी ऐन मे महिन्यातली. सोलापूरचा मे तुम्हाला सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर, पत्र्याच्या खोल्या, शेजारी मागांचा खडखडाट. अशात गरोदर बाईचं डोकं दुखलं तर घरचे काय म्हणणार? ऊन लागलं. मलाही तेच म्हणाले. पाय सुजले, तर उभं राहून काम करतेस म्हणून. तोंड सुजलं, तर तेज आलंय, मुलगा होणार. छातीच्या खाली उजव्या बाजूला दुखायला लागलं, तर पित्त. एकेक दुखणं निघायचं आणि त्याला घरातलंच एकेक कारण तयार असायचं. कुणी वाईट मनानं बोलत नव्हतं. सासूबाई तर माझ्यासाठी कांदा फोडून उशाशी ठेवायच्या.

ओळखलं ते कासारणीनं. ओटीभरणाला हिरव्या बांगड्या भरायला ती आली होती. संक्रांतीला मला सव्वादोनचं माप आलं होतं, आता अडीचची बांगडीही कशीबशी चढत होती. हात दाबून बघत ती म्हणाली, "वैनी, हे अंगावर येणं नव्हं, ही सूज हाय. दाखवून घ्या." त्याच सुमाराला एका दवाखान्यात मी जाऊन आले होते. तिथं वजन केलं, गोळ्या लिहून दिल्या. रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा मात्र कुणी बांधला नाही. त्या दवाखान्याचं नाव घेऊन आता काही उपयोग नाही. पण बांगड्या विकणाऱ्या बाईला दिसलं ते तिथं दिसायला हवं होतं, एवढं मला आजही वाटतं.

मग पाण्याचा दिवस आला. आपल्याकडं पाणी काही रोज येत नाही, त्यामुळं नळ आला की जग इकडचं तिकडं झालं तरी बाई पिंपापाशीच. रात्री घागर उचलताना माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. डोळे चोळले, पाणी मारलं, तरी जाईनात. समोरच्या बल्बच्या कडा विरघळल्यासारख्या दिसायला लागल्या. नवऱ्यानं अक्कांना उठवून आणलं. अक्कांनी पट्टा बांधला, आकडा बघितला, आणि मला काहीच न सांगता 108 ला फोन लावला.

आकडा 170 वर 112 होता. गरोदरपणात 140 वर 90 झालं की डॉक्टर सावध होतात. 160 वर 110 म्हणजे तातडी, त्यात एक तासही घालवायचा नाही. अक्कांना ते माहीत होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं.

सिव्हिलमध्ये लघवी तपासली, त्यात प्रथिनं निघाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कर्नाटकातून शिकायला आलेल्या. त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत जे सांगितलं ते मी विसरणार नाही. हा आजार वारेपासून, म्हणजे पोटात बाळाची नाळ जिला जोडलेली असते तिच्यापासून, सुरू होतो. गर्भ रुजताना वारेकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या जेवढ्या रुंद व्हायला हव्यात तेवढ्या होत नाहीत. मग वारेतून असे पदार्थ आईच्या रक्तात सुटतात की तिच्या अंगभरच्या रक्तवाहिन्या बिघडतात. त्यानं रक्तदाब चढतो, मूत्रपिंड, यकृत, मेंदू सगळ्यांवर ताण येतो आणि कधी कधी झटके येतात. वार बाहेर आल्याशिवाय हा आजार हटत नाही. म्हणजे जिच्यावर माझी लेक जगत होती, तीच वार मला मारायला निघाली होती. हे ऐकल्यावर मला भीतीपेक्षा रागच जास्त आला. राग कुणावर, ते मात्र कळेना.

बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून मला इंजेक्शनं दिली आणि दोन दिवस बाळंतपण थोपवून धरलं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन. ते शिरेतून जाताना अंगातून आग फिरते. पुढची दोन्ही कुल्ल्यांत देतात, ती इतकी दुखतात की बाळंतकळांआधीच माणूस ओरडतो. पण कुणाला ते द्यायची वेळ आली तर नाही म्हणू नका. झटक्यांचा धोका त्यानं निम्म्याच्या आसपास कमी होतो. सिस्टर तासातासाला हातोडीनं गुडघा तपासायच्या, श्वास मोजायच्या, लघवी मोजायच्या, कारण ते औषध अंगात जास्त झालं तर श्वास मंदावतो. रात्रभर माझा गुडघा ठोकणाऱ्या त्या सिस्टरांचं नाव मला माहीत नाही. त्यांचा चेहरा लक्षात आहे.

सिझर झालं. मुलगी बारीक आवाजात रडली आणि तिला लगेच काचेच्या पेटीत नेलं. दीड किलोचीही नव्हती. बाहेर भेटायला आलेल्या बायांत कुजबुज सुरू झाली, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. बहिणींनो, हे कुणाही बाळंतिणीच्या कानावर घालू नका. ते साफ खोटं आहे. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाला बळ देतो. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा कमजोर नसतं, जास्त दमाचं असतं.

आणि दुसरी कुजबुज, तिनं काय खाल्लं असेल? मीठ जास्त खाल्लं का, चिडचिड केली का, ग्रहणात चिरलं का काही? सासूबाईंनी माझं मीठ आधीच बंद केलं होतं, त्यानं काही थांबलं नाही. मीठ तोडून हा आजार टळत नाही. तो पहिलटकरणीला जास्त होतो, जुळं असेल तर जास्त होतो, आई-बहिणीला झाला असेल तर जास्त होतो. बाईच्या स्वभावाचा त्यात काही दोष नाही. हे मी जोरात सांगते, कारण पेटीतल्या मुलीकडं बघत बसलेल्या आईला त्या एका प्रश्नानं किती कापलं जातं, ते मला माहीत आहे.

तिला दूध ओढता येत नव्हतं. मी हातानं पिळून वाटीत काढायचे. पहिल्यांदा वाटीचा तळही झाकला नाही, तरी सिस्टरांनी ते थेंब सोन्यासारखे नळीतून तिला दिले. मग एक दिवस त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पोलकं सोडायला सांगितलं आणि मुलीला उघडीच माझ्या छातीवर ठेवून वरून ओढणी बांधली. आईच्या अंगाची ऊब बाळाला द्यायची ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, तिथं पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. आपल्या देशासह पाच देशांत एक मोठा अभ्यास झाला, तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण एक ते पावणेदोन किलोच्या बाळांना जन्मल्या जन्मल्या अशी छातीवर ठेवली, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू चौथ्या हिश्श्यानं घटले.

घरी आल्यावर आम्ही पाळ्या लावल्या. मागावरून आला की नवरा अंघोळ करून शर्ट न घालता बसायचा आणि ती त्याच्या छातीवर झोपायची. सासूबाई विड्या वळायच्या. तंबाखूची धूळ नको म्हणून त्यांनी सूप, कात्री, पानांचं गाठोडं सगळं शेजारणीच्या ओसरीवर हलवलं आणि हात साबणानं दोन-दोनदा धुऊन नातीला जवळ घ्यायला लागल्या. मजुरी घटली, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. माझी मुलगी डॉक्टरांनी जगवली, हे खरंच. पण तिचं अंग धरलं ते त्या म्हातारीच्या छातीवर.

महिना व्हायच्या आत तिच्या डोळ्यांचा पडदा तपासून घेतला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा तो वेळेत तपासला नाही तर दृष्टी जाऊ शकते, आणि बाहेरून काही कळत नाही. हे लक्षात ठेवा. आता ती शाळेत जाते. गड्ड्यात, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, पाळण्यात बसायचा हट्ट धरते आणि खाली उतरायला तयार होत नाही.

माझा रक्तदाब मात्र पूर्ण उतरला नाही. ज्यांना हा आजार होऊन गेला त्यांना पुढं रक्तदाबाचा, हृदयाच्या आजाराचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. बाळंत झाली की बाईची फाईल बंद होते आणि बाळाची उघडते, तसं करू नका. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही झटके येऊ शकतात. माझ्या धाकट्या बहिणीला आता दिवस गेलेत. माझा इतिहास सांगितल्यावर डॉक्टरांनी तिला तिसरा महिना संपताच ॲस्पिरिनची कमी ताकदीची गोळी सुरू केली. ती आपल्या मनानं घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. पण विचारायचं नक्की.

बाहेर ओट्यावर अक्का यंत्र घेऊन बसल्यात. ज्यांना सातवा-आठवा चालू आहे त्यांनी आधी जा, मग ज्यांचं बाळंतपण होऊन दीड महिना उलटला नाही त्या. आणि सासवांनो, तुम्हीही पट्टा बांधून घ्या, सूनबाईसोबतच.