वाचलेले चाळीस जीव: एका दाव्याची उलटतपासणी

१९५५ साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात रस्ते अपघातांत ३२४ माणसे दगावली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गव्हर्नर अब्राहम रिबिकॉफ यांनी भरधाव वाहन चालवणाऱ्यांविरुद्ध कडक मोहीम जाहीर केली. पहिल्याच गुन्ह्याला तीस दिवस परवाना निलंबित होणार होता. १९५६ मध्ये मृतांचा आकडा २८४ वर आला आणि चाळीस जीव वाचल्याचे श्रेय मोहिमेला मिळाले.

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल आणि समाजशास्त्रज्ञ लॉरेन्स रॉस यांनी १९६८ मध्ये हा दावा तपासून पाहिला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या चालकांना नियम लावायचा आणि निम्म्यांना वगळायचे, असा काटेकोर प्रयोग येथे शक्यच नव्हता, कारण मोहीम साऱ्या राज्यात एकदमच सुरू झाली होती. अशा वेळी संशोधक ज्याचा आधार घेतो, तो अर्ध-प्रायोगिक आराखडा, म्हणजे चिठ्ठ्या न टाकता आधी-नंतरच्या आकड्यांची किंवा इतर गटांची तुलना करून परिणाम जोखण्याची पद्धत. ज्युलियन स्टॅन्ली यांच्यासह कॅम्पबेल यांनी १९६३ मध्येच अशा आराखड्यांची पद्धतशीर मांडणी केली होती.

१९५५ आणि १९५६ ही दोनच वर्षे पाहिली तर दावा पटतो. आता अपघाती मृत्यूंचा आलेख मागे १९५१ पर्यंत नेऊ. रेषा मोहिमेआधीही वर-खाली होत होती आणि १९५५ हे तिचे सर्वांत उंच टोक आहे. मोहीम निघाली तीच मुळी या टोकामुळे. आणि एखादे वर्ष असाधारण वाईट गेले, की कोणी काही केले नाही तरी पुढचे वर्ष बहुधा सरासरीकडे झुकते. सरकारी यशोगाथांमध्ये हा मुद्दा सहसा सोयीस्करपणे गळतो.

मग न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड ही शेजारची राज्ये तुलनेला घेतली गेली. हवामान किंवा मोटारींची सुधारणा यांचा परिणाम सर्वांवर सारखाच झाला असता, म्हणून ही तुलना उपयोगी. पण कनेक्टिकट निवडले गेले ते त्याच्या टोकाच्या आकड्यामुळे आणि शेजारी तसे निवडलेले नव्हते, त्यामुळे मूळ शंका पुरती फिटत नाही.

मोहिमेचा ठसा अधिक स्पष्ट उमटला तो दुसरीकडेच: परवाना निलंबित असतानाही वाहन चालवणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि वेगमर्यादेच्या खटल्यांत न्यायालये पूर्वीपेक्षा अधिक आरोपींना निर्दोष सोडू लागली.