मीठ, जाळं, जहाज आणि दोन लांबच्या भाषा

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मन शिकणारी मुलंमुली आता चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत भेटतात. त्यातल्या एखाद्याला आइसलँडिकचीही ओढ लागते आणि मग विचारणा होते: दोन्ही भाषा एकदम, घरच्या घरी, शिकवणीशिवाय जमतील का? जमतात. अट एवढीच, की मधे इंग्रजीला बसवायचं नाही.

बहुतेक पुस्तकं आणि ॲप या भाषा इंग्रजीतून शिकवतात. इंग्रजीत नामाला लिंग नाही, विभक्तीचे प्रत्यय जवळजवळ झिजून गेलेत. म्हणून तिथे पहिल्याच पानावर तीन लिंगं आणि चार विभक्तींचा बाऊ केलेला असतो. आपण तो कशाला करायचा? घोडा, घोड्याला, घोड्याचा ही रूपं आपल्याला कुणी बसवून शिकवली नाहीत.

बंदरावरचेच शब्द घ्या. मीठ, जाळं, जहाज, पाणी. मराठीत चारही नपुंसकलिंगी. जर्मनमध्ये जाल्त्स, नेत्स, शिफ, वासर, चारही नपुंसकलिंगी. आइसलँडिकमध्ये साल्त, नेत, स्किप, वाःत्न. तेही चारही नपुंसकलिंगी. मासा तर तिन्हीकडे पुल्लिंगी: जर्मन फिश, आइसलँडिक फिस्कुर. मात्र हा योगायोग आहे, नियम नव्हे. होडी आपल्याकडे ती, जर्मन बोत ते, आइसलँडिक बाउतुर तो. पुस्तक मराठीत आणि जर्मनमध्ये ते, आइसलँडिकमध्ये ती. म्हणून प्रत्येक नाम लिंगासकट पाठ करायचं. तो निळ्या शाईने, ती लाल, ते हिरव्या. रंग दोन्ही भाषांना तेच, वह्या मात्र वेगळ्या.

आता वरचे शब्द पुन्हा कानाने ऐका. साल्त आणि जाल्त्स, नेत आणि नेत्स. आइसलँडिकचा त जर्मनमध्ये त्स झाला. साधारण सहाव्या ते आठव्या शतकात जर्मनच्या व्यंजनांत हा बदल झाला. आइसलँडिकने जुनी व्यंजनं राखली. तसाच प चा फ झाला: स्किप, शिफ. क चा ख झाला: बोउक, बूख, म्हणजे पुस्तक. दाताखालच्या थ चा द झाला: थ्रीर, द्राय, म्हणजे तीन. हे चार बदल पाठ असले की अनोळखी शब्दही निम्मा ओळखीचा होतो.

उच्चारालाही मराठी कामी येते. जर्मन त्स म्हणजे आपल्या चमच्यातला च, चिमटीतला नव्हे. जाल्त्समधला ज हा जाळ्यातला ज. इंग्रजीच्या सवयीने तोंडात ट येतो, तो टाळा. आइसलँडिकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ब आपल्या कानाला प वाटतो आणि त हा थ वाटतो. आपल्याला प, फ, ब, भ जन्मापासून वेगळे ऐकू येतात, त्यामुळे हा फरक पकडणं जड जात नाही. वाःत्नमधला विसर्ग मुद्दाम म्हटला. आइसलँडिकमध्ये काही व्यंजनांच्या आधी श्वासाचा एक झटका येतो. स्तोत्र म्हणताना विसर्ग स्पष्ट म्हणतात, तसाच तो म्हणायचा: एःप्ली म्हणजे सफरचंद, दोउःतिर म्हणजे मुलगी. वहीत विसर्गच लिहा. फिस्कुरमधला उ मात्र आपल्याकडे नाही. जीभ ई ची ठेवून ओठ उ सारखे गोल करायचे. हाच स्वर जर्मनलाही लागतो, त्यामुळे मेहनत एकदाच.

व्याकरणात सर्वांत आनंदाची जागा पुढे आहे. 'मला थंडी वाजते' यात थंडी सोसणारा चतुर्थीत आहे; मालवणीत 'माका' म्हणतो तो. जर्मन म्हणतो मीर इस्त काल्त, आइसलँडिक म्हणतो म्येर एर काल्त. दोन्हीकडे 'मला'च. आइसलँडिक तर 'मला वाटतं' हेही आपल्यासारखंच म्हणते: म्येर फिन्स्त. याहून सुंदर म्हणजे दोघं. आपण म्हणतो, दोघे भाऊ आले, दोघी बहिणी आल्या, पण नवराबायको? ती दोघं आली. स्त्रीपुरुष एकत्र असले की मराठी नपुंसकलिंगी अनेकवचन वापरते. आइसलँडिकचा नियम हुबेहूब हाच आहे आणि दोन या आकड्याचीही तिथे तीन लिंगांची तीन रूपं आहेत. जर्मनमध्ये ही सोय नाही.

मराठी जिथे मदत करत नाही ती जागाही नीट पाहू. 'होडी बंदरात आली' आणि 'होडी बंदरात आहे', दोन्हीकडे आपलं रूप 'बंदरात'. या दोन्ही भाषा इथे फरक करतात. आत शिरण्याची हालचाल असेल तर द्वितीया, आत स्थिर असेल तर चतुर्थी. जर्मन: इन देन हाफन, आणि इम हाफन. आइसलँडिक: ई होप्निना, आणि ई होप्निन्नी. दोघींचा नियम एकच असल्याने तो जर्मनमध्ये पक्का करा, आइसलँडिकमध्ये फुकट मिळतो.

सरमिसळ कुठे होते? पहिला चोर 'एर'. जर्मनमध्ये एर म्हणजे तो, आइसलँडिकमध्ये एर म्हणजे आहे. 'गिफ्त' जर्मनमध्ये विष, आइसलँडिकमध्ये लग्न झालेली बाई. दुसरी चूक क्रियापदाच्या जागेची. 'मला माहीत आहे की तो आज येतो': जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, मराठीसारखंच: दास एर हॉयत कोम्त. आइसलँडिकमध्ये ते कर्त्याला चिकटूनच राहतं: आद हान केमुर ई दाग. मराठी आणि जर्मन दोन्ही शेवटाकडे ओढत असल्याने आपली माणसं इथे हमखास चुकतात. रोज अशी पाच वाक्यं मोठ्याने म्हणा.

वेळेचं गणित असं. आधी फक्त जर्मन, रोज पाऊण तास, पाच-सहा महिने. पाडव्याला सुरुवात केलीत तर गणपतीपर्यंत पहिली पातळी हाती लागते. त्यानंतर आइसलँडिक. सकाळी जर्मन चाळीस मिनिटं, संध्याकाळी आइसलँडिक वीस. नवे शब्द जर्मनचे आठ, आइसलँडिकचे चारच, कारण तिथे प्रत्येक नामाची तीन रूपं लिहावी लागतात: फिस्कुर, षष्ठीचं फिस्क्स, अनेकवचन फिस्कार. एकच विषय, समजा स्वयंपाकघर, एका आठवड्यात दोन्ही भाषांत घेऊ नका. शब्द एकमेकांत अडकतात. दोन्ही भाषांतल्या शब्दांच्या जोड्या लावायचं काम फक्त रविवारी, अर्धा तास. आइसलँडिकच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गोंधळ वाढतो. तेव्हा भाषा सोडायची नाही. आठवडाभर आइसलँडिकचे नवे शब्द बंद ठेवून नुसतं ऐकायचं.

साधनं फुकट आहेत. दॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासह मिळतात. आइसलँड विद्यापीठाचा 'आइसलँडिक ऑनलाइन' हा अभ्यासक्रम विनामूल्य आहे. आइसलँडिक भाषेवर काम करणाऱ्या आउर्नी माग्नुसोन संस्थेच्या संकेतस्थळावर शब्द टाकला की त्याची सगळी रूपं दिसतात. पावसात रेंज जाते, वीज जाते, तेव्हा ऑडिओ मे महिन्यातच उतरवून ठेवा आणि रूपांचे तक्ते हाताने कागदावर घ्या.

तक्ता कसा म्हणायचा, तेही सांगतो. आपण 'रामः रामौ रामाः' म्हणतो, तशी आइसलँडची शाळकरी मुलं चार विभक्ती सुरात म्हणतात: ह्येर एर फिस्कुर, उम फिस्क, फ्राउ फिस्की, तिल फिस्क्स. हा मासा, माशाविषयी, माशापासून, माशाकडे. इंग्रजी 'द'चं काम करणारा प्रत्यय तिथे नामाच्या शेपटीला लागतो: फिस्कुरिन. चार विभक्ती, दोन वचनं, प्रत्ययासह आणि प्रत्ययाविना, अशी एका नामाची सोळा घरं होतात. एका पानावर एक नाम, सोळा चौकोन. पहिल्या आठवड्यात एकच पान, फिस्कुरचं, रोज सकाळ-संध्याकाळ मोठ्याने.