हाताखालचा हात

(दृश्य : टेबलावर उघडा तळहात, अगदी जवळून. त्यावर फिरणारं एक बोट.)

हे बोट पाहा. तळहाताच्या मधोमध एक अक्षर काढतं, जरा थांबतं, आणि पुढचं अक्षर पुन्हा त्याच जागी काढतं. इथे अक्षरं ओळीत लिहीत नाहीत, एकावर एक गिरवतात. शब्द संपला की थोडी उसंत. चुकलं तर तळवा पुसायचा, पाटी पुसावी तसा.

हा तळहात ज्यांचा आहे त्या बाईंना दिसत नाही, ऐकूही येत नाही. त्या वाचतायत. त्यांना दुसरीकडे हलवायचं का, हे ठरवणारी बैठक उद्या आहे. प्रश्न असा आहे : ‘उद्याच्या बैठकीत तुमच्या शेजारी कोणी बसायचं?’

उत्तर यायला चाळीस सेकंद लागतात. हे चाळीस सेकंद आम्ही संकलनात कापलेले नाहीत.

(निवेदन नाही. फक्त हात.)

‘उजवीकडे दुभाषी. तू डावीकडे.’

डावीकडे बसणारी ही मुलगी प्रशिक्षण घेते आहे. इंग्रजीत तिच्या कामाला अ‍ॅडव्होकेट म्हणतात, पण आपल्याकडे तो शब्द काळ्या कोटाला चिकटलाय. म्हणून आपण म्हणू, पाठीराखी. स्वतंत्र पाठीराखी. स्वतंत्र अशासाठी, की बाईंना सेवा देणाऱ्या संस्थेची ती नोकर नाही, त्या सेवेचा खर्च मंजूर करणाऱ्यांची नाही, आणि घरचीही नाही. बाईंच्या निर्णयात तिचा स्वतःचा नफा-तोटा काहीच नाही. दुभाषी बोललेलं पोचवते. पाठीराखीने पाहायचं ते एवढंच, की बाईंना जे हवंय ते टेबलावर आलं का, आणि ते कोणी ऐकून घेतलं का.

बधिरांधत्व म्हणजे अंधत्व अधिक बहिरेपण, अशी बेरीज नाही. अंध माणूस कानांवर विसंबतो, कर्णबधिर माणूस डोळ्यांवर. इथे दोन्ही आधार एकदम डळमळतात. पूर्ण अंधार आणि पूर्ण शांतता फार थोड्यांच्या वाट्याला येते. बहुतेकांना थोडं दिसतं किंवा थोडं ऐकू येतं. कोणाला अशर सिंड्रोम असतो : बहिरेपण जन्माचं, आणि नजर वयाबरोबर कडेकडेने मिटत जाते. कोणाच्या आईला गरोदरपणी रुबेला झालेला असतो. आणि कितीतरी जणांची दोन्ही इंद्रियं म्हातारपणात हळूहळू जातात. ते स्वतःला बधिरांध म्हणतही नाहीत. जागतिक बधिरांध महासंघाच्या २०१८ च्या अहवालाने जगातल्या लोकसंख्येत हे प्रमाण ०.२ ते २ टक्के धरलं आहे.

(दृश्य : जुनं छायाचित्र. हेलन केलर आणि ॲन सलिव्हन.)

हे छायाचित्र तुम्ही पाहिलेलं असेल. १८८७ साली ॲन सलिव्हन बधिरांध हेलनला शिकवायला तिच्या घरी आली, आणि पंपाखाली धरलेल्या हातावर ‘पाणी’ हा शब्द उमटला. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्याआधीची कमी जणांना ठाऊक असते. बोटांची ती लिपी ॲन बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत शिकली होती, आणि त्याच शाळेत लॉरा ब्रिजमन राहत होती. १८३७ साली तिथे आलेली बधिरांध मुलगी. वस्तूंना चिकटवलेली उठावदार अक्षरं चाचपत ती भाषा शिकली.

पण आमच्यासाठी महत्त्वाचं साल आहे १८९२. हेलनने लिहिलेली एक गोष्ट दुसऱ्या एका गोष्टीशी फार जुळते, असं लोकांच्या ध्यानात आलं. चौकशी बसली. हेलनला बारा वर्षंही पूर्ण नव्हती. समोर शाळेतली मोठी माणसं, आणि ॲनला सांगण्यात आलं, तुम्ही खोलीबाहेर थांबा. मुलीची उलटतपासणी झाली. तिच्या बाजूने त्या खोलीत कोणीच नव्हतं.

ॲनला बाहेर काढण्यामागचा संशय समजू शकतो : शब्द मुलीचे की शिक्षिकेचे? तो आजही विचारायलाच हवा. आमचं म्हणणं इतकंच, की त्याचं उत्तर माणसाला एकटं पाडून मिळत नाही.

(दृश्य : प्रशिक्षणाची खोली. डोळ्यांवर पट्ट्या, कानांत बोळे.)

प्रशिक्षणाचा पहिला दिवस. पट्टी बांधून चालण्याचा हा प्रयोग प्रशिक्षक मुद्दाम आटोपता ठेवतात, आणि ते योग्यच आहे. तासाभरात भीती कळते, आयुष्य कळत नाही. ते सांगायला बधिरांध प्रशिक्षक समोर आहेत.

आता हे नीट पाहा. मुलगी जवळ येते. दंडाला हलका स्पर्श करते आणि हात तिथेच ठेवते. मग तिची खूण : मनगटावर दोन टिचक्या. हे तिचं स्पर्शातलं नाव. मग ती आपला हात बाईंच्या हाताखाली सरकवते. वरून धरलेला हात ओढतो. खालून दिलेला हात विचारतो, आणि नको असेल तर बाई आपला हात सहज उचलून घेऊ शकतात. हे एवढं अंगवळणी पडायला प्रशिक्षणार्थींना अख्खी सकाळ लागली.

दुपारी लुटुपुटीची बैठक. तिघं एकदम बोलतायत, एकजण उठून बाहेर गेला. तो गेला, हे बाईंना कोण सांगणार? काही ठिकाणी पाठीवर, दंडावर ठरलेल्या खुणा करतात : कोण आलं, कोण गेलं, कोण हसलं.

तेवढ्यात अधिकारी झालेल्या प्रशिक्षकांनी विचारलं, ‘मग यांना चालेल ना?’ आणि एक प्रशिक्षणार्थी पटकन म्हणाला, ‘हो, चालेल त्यांना.’

(दृश्य : प्रशिक्षक हात वर करून बैठक थांबवतात.)

‘हे कोण बोललं?’

खोलीत शांतता. मग ते सगळं पुन्हा, पहिल्यापासून. प्रश्न तळहातावर. पर्याय एकेक करून. बाईंनी मान हलवली. प्रशिक्षक म्हणाले, मान हलली म्हणजे अक्षरं पोचली, एवढंच. काय समजलं ते त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू दे. तेही झालं. बाईंना तिसरा पर्याय हवा होता, जो कागदावर नव्हताच.

ज्यांच्याकडे कुठलीच लिपी नाही, खुणांची भाषाही नाही, त्यांच्यासाठी काम आणखी धीम्या गतीचं. चमचा हातात दिला की जेवण, टॉवेल दिला की अंघोळ. पाठीराख्याने कित्येक दिवस नुसतं पाहायचं : कोणता स्पर्श झाला की अंग आखडतं, कुठली वस्तू दूर ढकलली जाते, कोण आलं की हात पुढे येतो. आणि लिहून ठेवायचं, स्वतःचा अंदाज आणि पाहिलेली गोष्ट वेगवेगळ्या रकान्यांत.

अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी २००६ साली झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचं बारावं कलम सांगतं, की कायद्यापुढे यांची क्षमता इतरांइतकीच आहे, आणि ती वापरायला लागणारी मदत देणं हे शासनाचं काम आहे. ती मदत म्हणजे ही खोली, हे हात आणि हा वेळ.

खरी बैठक दुसऱ्या दिवशी झाली. कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. बाईंना दुसरीकडे हलवायचा निर्णय तूर्त थांबला आहे.

(दृश्य : बैठकीनंतर. तेच टेबल.)

निघण्यापूर्वी मुलगी तळहातावर लिहिते : ‘मी निघते. गुरुवारी येईन.’ न सांगता उठायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून बजावलेलं. मनगटावर दोन टिचक्या. मग ती आपला हात हाताखालून काढत नाही, थांबते. बाईंनी आपला हात उचलला की मगच.

(निवेदन संपतं. दोन्ही हात अजून टेबलावर.)